देह मागायला गेलेला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



येशू ख्रिस्ताच्या दफनाविषयी मी बोलणार आहे, हे कळल्यावर एका स्नेह्याने मला विचारले, "तुम्ही? तुमच्याकडे तर ते मानतच नाहीत!" त्यांचे म्हणणे खरे आहे. मी मुसलमान आहे. हजरत ईसांना आम्ही थोर पैगंबर मानतो. त्यांच्या आईच्या, बीबी मरियमच्या नावाचा एक स्वतंत्र अध्याय कुरआनात आहे. पण ईसांना क्रुसावर मृत्यू आला नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणजे ज्या कबरीविषयी आज बोलायचे, ती कबर माझ्या श्रद्धेत नाहीच. हे आधीच सांगून टाकलेले बरे. दोन धर्मांतला फरक पुसून गोडगोड बोलणे मला जमत नाही आणि माझ्या मित्राला तर ते मुळीच आवडत नसे.

त्या मित्रासाठीच मी आज बोलतो आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावात आम्ही पस्तीस वर्षे शेजारी राहिलो. तो रेल्वेत होता, मी नोकरी सांभाळून कविता करीत होतो. तो मराठी ख्रिस्ती. घरात मराठी बायबल, भिंतीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चित्र. माझी प्रत्येक कविता त्याने आधी ऐकायची आणि "हे कडवं काढून टाक" म्हणायचे, असा आमचा रिवाज. ईदला शीरखुर्मा त्याच्याकडे आणि नाताळात करंज्या आमच्याकडे. असल्या देवाणघेवाणीचे आमच्या भागात कुणाला फारसे कौतुक नसते, ती चालूच असते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात तो रुग्णालयात गेला तो परत आला नाही. रात्री अडीचला फोन आला. मुलगा पुण्याला, तो निघाला होता. वहिनींना गुडघ्यांमुळे चालवत नव्हते. सकाळी देह ताब्यात घ्यायला मी गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे ओढला आणि विचारले, "नातं काय?"

मी म्हणालो, "मित्र."

त्याने कागदावरचे नाव पाहिले, माझे नाव विचारले आणि थोडा थांबून म्हणाला, "चाचा, मित्र हे नातं कागदावर चालत नाही. घरचं कुणी तरी आणा."

त्याचे काही चुकले नाही, नियम तसाच आहे. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मुलगा पोचेपर्यंत चार तास गेले. आत माझा मित्र, बाहेर मी, आणि मधे एक प्रश्न : नातं काय? त्या चार तासांत मला आठवली ती एक गोष्ट. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, माझा मित्र ती मला सांगत असे. अरिमथाईच्या योसेफाची गोष्ट.

ती आज तुम्हालाही सांगतो. येशूला क्रुसावर खिळले. दुपारी त्याचा प्राण गेला. त्याचे बहुतेक शिष्य पळून गेले होते. काही बायका दूर उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळ झाली की शब्बाथ, यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस सुरू होणार आणि मग काहीच करता येणार नव्हते. झाडावर टांगलेला देह रात्रभर तसाच ठेवू नये, त्याच दिवशी पुरावा, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. रोमन सत्तेची रीत मात्र वेगळी. क्रुसावर दिलेल्या माणसाचा देह पुष्कळदा तिथेच ठेवला जाई. पक्ष्यांनी तो खावा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहावे, हा शिक्षेचाच भाग असे. पण देह नातलगांना मिळतही असे. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका जुन्या कबरीत दगडी अस्थिपेटी सापडली. तिच्यात टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अडकून राहिलेला होता. क्रुसावर मेलेल्या त्या माणसाला कुणीतरी मागून आणले होते आणि रीतसर पुरले होते.

येशूचा देह मागायला गेला तो योसेफ. तो ना भाऊ, ना मुलगा. ज्या न्यायसभेने येशूला दोषी ठरवले, त्याच सभेचा तो सभासद होता. तो धीर करून पिलाताकडे गेला, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. धीर करून हे शब्द फार महत्त्वाचे, असे माझा मित्र म्हणायचा. ज्याला सरकारने गुन्हेगार ठरवले, त्याच्याशी आपला काही संबंध आहे, हे सरकारच्याच दारात जाऊन सांगायचे होते. पिलातानेही चौकशी केली. खरेच मेला का, हे शताधिपतीला बोलावून विचारून घेतले आणि मग देह दिला. म्हणजे तिथेही कागद तपासलाच म्हणायचा!

योसेफाने तागाचे नवे कापड घेतले. निकदेम नावाचा दुसरा एक प्रतिष्ठित माणूस आला. हा पूर्वी येशूकडे रात्रीच्या अंधारात, लपून गेला होता. त्याने गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण आणले, आजच्या मापाने सुमारे तेहतीस किलो. खडकात खोदलेली कबर योसेफाची स्वतःची, कोरी. बायका मागून गेल्या आणि देह कुठे ठेवला ते पाहून आल्या. एवढीच ही गोष्ट. तिच्यात चमत्कार नाही, देवदूत नाही, आकाशवाणीही नाही. कापड आहे, सुगंधी द्रव्ये आहेत, जड दगड आहे आणि घाईने काम करणारे चारदोन हात आहेत.

ही गोष्ट मराठीला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओवीत रचली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवीत. आजही गोव्यात उत्तम शुक्रवारी संध्याकाळी क्रुसावरून ख्रिस्ताची मूर्ती उतरवतात, तिरडीवर ठेवतात आणि अंत्ययात्रा निघते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चर्च उघडेबोडके असते. वेदीवर वस्त्र नाही, घंटा नाही. "त्या दिवशी देवसुद्धा गप्प असतो," असे माझा मित्र म्हणत असे.

आता मुख्य प्रश्न. ख्रिस्ती माणसाला या दफनाचे एवढे महत्त्व का वाटते? त्यांच्या उपासनेत सगळे मिळून एक मतांगीकार म्हणतात, आपला विश्वास काय ते थोडक्यात सांगणारा. त्यात येशू क्रुसावर खिळला गेला, मरण पावला एवढ्यावर न थांबता तो पुरला गेला, असे वेगळे सांगितलेले आहे. मेला म्हटल्यावर पुरला हे ओघाने आलेच, मग ते मुद्दाम का सांगायचे? मी हे मित्राला विचारले होते. तो म्हणाला, "पहिल्या दुसऱ्या शतकात काही लोक म्हणत, येशू देवाचा पुत्र, तेव्हा त्याचा देह खरा नव्हताच, नुसता भास होता. मंडळीने त्यांना उत्तर दिलं की भास पुरता येत नाही. ज्याला उचलायला माणसं लागली, ज्याला कापडात गुंडाळावं लागलं, तो देह तुमच्याआमच्यासारखाच होता."

हे मला पटले की नाही, हा प्रश्न वेगळा. पण त्यातून देहाविषयी जो विचार निघतो, तो मला थांबवतो. देह ही आपल्याकडे कुडी. प्राण उडाला की कुडी रिकामी. वस्त्र जीर्ण झाले की टाकावे, तसा आत्मा देह टाकतो, ही उपमा आपल्या कानावर लहानपणापासून असते आणि त्या उपमेने कित्येकांना मरणाच्या दारात धीर दिला आहे. ख्रिस्ती विचार वेगळ्या वाटेने जातो. त्यांच्या मते देव माणसाच्या देहात आला, त्या देहाने भुकेला झाला, थकला, मेला आणि कबरीत निजला. तेव्हापासून देह ही टाकून द्यायची वस्तू उरली नाही. तो पुन्हा उठणार आहे. संत पौलाने करिंथ शहरातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात बियाचा दाखला दिला आहे. पेरतो ते बी आणि उगवते ते रोप, दोन्ही एकच, तरी किती वेगळी!

हा दाखला आमच्या परभणीकरांना समजावून सांगायला नको. 'परभणी मोती' नावाची रब्बी ज्वारी इथल्याच कृषी विद्यापीठातली. काळ्या रानात ओल असताना शेतकरी ती पेरतो, तेव्हा बी फेकून दिले असे कुणी म्हणत नाही. आमच्याकडची बोलीही ऐका. मराठवाड्यात माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो, लोक विचारतात, "माती कधी हाय?" जाळायचे असले तरी मातीच म्हणतात. "मातीला जाऊन आलो," असे सांगतात. आमच्या गावांत लिंगायत दफन करतात, महानुभावांत पुरण्याची परंपरा आहे, संन्याशाला आणि तान्ह्या लेकराला सगळेच मातीत ठेवतात. ज्ञानेश्वर माउलींची तर समाधीच आहे आळंदीला.

बाकड्यावर बसून मी हे आठवत होतो, तेवढ्यात मुलगा आला. देह मिळाला. घरी आणला. आणि तिथे खरा पेच उभा राहिला. मुलगा समंजस, शिकलेला. तो म्हणाला, "चाचा, पप्पा गेले. आता हे नुसतं शरीर आहे. इथं दफनभूमीत बाभळी माजल्यात. आम्ही सगळे पुण्याला. कबरीकडं कोण बघणार? पुण्याला नेऊन विद्युतदाहिनीत दिलं तर काय वाईट?" वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. त्यांना त्यांच्या आईच्या शेजारी ठेवा."

त्या 'पुरा' म्हणाल्या नाहीत, 'ठेवा' म्हणाल्या.

पाळकसाहेब आले होते. त्यांनी मुलाला रागावले नाही. जाळणे म्हणजे पाप, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केले. रेव्हरंड टिळक १९१९ साली मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. आपण ख्रिस्ती झालो म्हणून भारतीय रीत सोडायची नाही, अशा वृत्तीचा तो कवी. त्यांच्या विश्वासाविषयी कुणी शंका घेऊ शकत नाही. मग पाळकसाहेबांनी एक जुनी हकीकत सांगितली. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिओं शहरात ख्रिस्ती लोकांना छळून मारले आणि त्यांचे देह जाळून राख रोन नदीत सोडली. हेतू हा की आता उठा बघू कसे उठता! तेव्हाही मंडळीचे उत्तर होते की देवाला राखेचे भय नाही. थोड्याच काळाने मिनुसियस फेलिक्स नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले की आम्ही आगीला भिऊन पुरत नाही, पुरण्याची रीत जुनी आणि चांगली म्हणून पुरतो.

घरी येऊन मी आणखी थोडे वाचले. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला मोकळीक दिली, मात्र पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेले नसावे, ही अट ठेवली. २०१६ साली पुन्हा सांगितले की दफन अधिक बरे; दहन केले तर राख उधळू नये, घरात ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. २०२०च्या जुलैमध्ये करोनाच्या साथीत केरळातल्या आलप्पुळा धर्मप्रांताने आपल्या मृतांचे दहन करून राख दफनभूमीत पुरायचे ठरवले. याचा अर्थ असा की आग की माती, हा शेवटचा प्रश्न नाही. टाकायचे की ठेवायचे, हा आहे. आणि ठेवण्याचे काम मेलेला माणूस करीत नाही. ते मागे राहिलेल्यांनी करायचे असते.

संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. दफन झाले नाही म्हणून कुणाचे तारण अडत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. मग इतकी काळजी कशाला? तर बापाची अंगठी, बापाचा अंगरखा लेकरांना जीव की प्राण असतो आणि देह तर अंगरख्याहून कितीतरी जवळचा, हे त्याचे उत्तर. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या जुलियन बादशहानेही कबूल केले होते की या लोकांची वाढ होण्याला परक्यांशी माया आणि मृतांच्या दफनाची काळजी, हीदेखील कारणे आहेत.

श्रोतेहो, हे सगळे पुस्तकातले वाटेल. पण देह मागायला जाण्याची वेळ आपल्या काळातही येते. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने आदेश काढला की करोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच होईल. काही तासांत तो मागे घेतला गेला. मग वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको म्हणून काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावात एक ख्रिस्ती पाळक वारले. त्यांच्या आधीची माणसे त्याच गावात पुरलेली, पण गावकऱ्यांनी विरोध केला. देह तीन आठवडे शवागारात राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली. देह आणखी ताटकळू नये म्हणून दोघांनी मिळून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करायला सांगितले. मी ती बातमी वाचली आणि त्या मुलाच्या जागी मला योसेफ दिसला. दोन हजार वर्षे होऊन गेली, तरी कुणाला तरी सत्तेच्या दारात उभे राहून सांगावेच लागते की हा देह आमचा आहे, आम्हाला द्या.

आमच्या कुरआनात एक कथा आहे. आदमच्या एका मुलाने भावाला मारले आणि मग त्या देहाचे काय करावे हे त्याला कळेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला. कावळ्याने चोचीने जमीन उकरून दाखवली. तेव्हा तो खुनी भाऊ रडला की मी या कावळ्यासारखाही होऊ शकलो नाही. मराठी माणसाला मृत्यू आणि कावळा यांचे नाते वेगळे सांगायला नको. पण मला त्या कथेत दिसते ते हे की दफन हा माणसाने शिकलेला पहिला धडा आणि तो त्याला पाखराकडून शिकावा लागला.

शेवटी माझ्या मित्राला त्याच्या आईच्या शेजारीच ठेवले. मुलानेच ठरवले. बाभळी तोडायला आमच्या मोहल्ल्यातली चार पोरे आली, बौद्धवाड्यातली तीन आली. एप्रिलची काळी माती वरून भेगाळलेली, टिकावाला दाद देत नव्हती. दोन हातांखाली मात्र ओल लागली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. माती द्यायची वेळ आली तेव्हा मी मागे उभा होतो. मुलाने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, आधी तुम्ही."

आमच्यात तीन मुठी माती देतात. मी तीन मुठी दिल्या. मनातल्या मनात मी आमचे शब्द म्हटले, त्यांनी त्यांचे मोठ्याने म्हटले. कुणाला काही खटकले नाही.

जेरुसलेममध्ये जिथे येशूची कबर होती असे मानतात, तिथे मोठे चर्च आहे. आत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या जागा वाटलेल्या आहेत. पण त्या चर्चच्या दरवाजाची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याचा. सुलतान सलाहुद्दीनच्या काळापासून हे असे चालत आले आहे, अशी परंपरा सांगतात. ती माणसे सकाळी दार उघडतात, रात्री बंद करतात. आतल्या कबरीविषयी त्यांची श्रद्धा माझ्यासारखीच असणार. तरीही किल्ली ते जपतात.

शुभवर्तमानात पुढे काय झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी पहाटे बायका सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे गेल्या आणि कबर रिकामी दिसली. ख्रिस्ती माणसाचा सगळा आनंद त्या पहाटेत आहे. तो त्यांचा आहे, मी त्यात वाटा मागत नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. ती बातमी पहिल्यांदा कळली कुणाला? ज्या बायका मेलेल्या देहाची उरलेली सेवा करायला भल्या पहाटे निघाल्या होत्या, त्यांना.

मागच्या उत्तम शुक्रवारी मी दफनभूमीत जाऊन आलो. बाभळी पुन्हा फुटल्या होत्या. घरून कोयता नेला होता, तेवढ्या तोडल्या. बाजूने जाणाऱ्या एका गुराख्याने विचारले, "चाचा, कोण हाय तुमचं हितं?"

या वेळी मला कुठल्या कागदावर लिहायचे नव्हते. मी सांगितले, "भाऊ हाय."